निशाणवाला

परभणीत जिंतूर रोडच्या मागच्या एका गल्लीत सिद्धोधन दातांच्या कवळ्या बनवायचा. डॉक्टर लोक तोंडाचं माप पाठवायचे, हा त्यात प्लास्टर ओतायचा, मेणात हिरड्या कोरायचा, दात बसवायचा आणि कवळी डबीत घालून परत पाठवायचा. पाथरीपासून पालमपर्यंत कितीतरी म्हातारी माणसं त्याच्या दातांनी भाकरी खात होती. त्या माणसांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं आणि त्यानंही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण जबडा हातात आला, की हा माणूस हसताना कसा दिसत असेल, हे तो डोळे मिटून सांगू शकायचा.

अलीकडं काम आटलं होतं. डॉक्टरांनी माप घेणारी नवी यंत्रं आणली आणि कवळ्या मोठ्या शहरांतून तयार होऊन यायला लागल्या. सिद्धोधन साठीला आला होता. मुलगी पुण्यात नोकरीला, बायको सुकेशनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यानं कामाचं फार मनाला लावून घेतलं नाही. रिकाम्या दुपारी हाताशी आल्या तसं मनात फार वर्षांपासून पडून असलेलं एक काम त्यानं काढलं. त्याला एक विमान बनवायचं होतं.

हौशी लोक मॉडेलं बनवतात तसलं लढाईचं विमान नव्हे. त्याला हवं होतं ते 'बसंत' नावाचं छोटं विमान, आपल्याच देशात, शेतातल्या फवारणीसाठी बनलेलं. एकाच पंख्याचं, एकाच माणसाचं. पुढं औषधाची टाकी, तिच्यामागं उंचावर पायलटची काचेची खोली, पंखांना वरून दिलेल्या तिरप्या दांड्या आणि पंखांच्या मागच्या कडेला लांबच लांब फवाऱ्याची नळी. अशी विमानं फार थोडी बनली आणि पुढं बंदच झाली. त्यामुळं त्याचं तयार किट कुठं मिळेना. इंटरनेटवरच्या हौशी लोकांच्या एका गटातून त्याला जुनी रेखाचित्रं तेवढी मिळाली. बाकी सगळं स्वतःच करायचं होतं, आणि ते त्याला अवघड नव्हतं. साचा घेणं आणि साच्यात ओतणं यातच त्याचा जन्म गेला होता.

आधी त्यानं सागाच्या तुकड्यातून विमानाचं धड कोरलं. त्यावर पुट्टी चढवली, ओल्या पॉलिश पेपरनं घासली, पुन्हा चढवली, पुन्हा घासली. मग त्याचा सिलिकॉनचा साचा घेतला आणि साच्यात रेझिन ओतलं. पहिल्या ओतणीत शेपटीत हवा अडकली आणि शेपूट अर्धीच आली. दुसऱ्या ओतणीला त्यानं साचा प्लास्टरमधली हवा काढायच्या थरथरत्या टेबलावर ठेवला, मग कवळ्यांच्या प्रेशरच्या भांड्यात बंद केला. साचा उघडला तेव्हा हातात आलेला पांढराशुभ्र तुकडा त्यानं उजेडाला धरून सगळ्या बाजूंनी बघितला. एकही बुडबुडा नव्हता.

त्याची आई, पंचफुलाबाई, दाराशी खाटेवर बसलेली असायची. ऐंशीच्या पुढं गेली होती. सोनपेठ तालुक्यातल्या गावी एकटी राहायची. पण ओसरीत पडून खुब्याला मार लागला तेव्हापासून सिद्धोधननं तिला परभणीला आणलं होतं. त्याच्या कामाच्या खोलीला सकाळचं ऊन चांगलं यायचं, म्हणून तिची खाट तिथं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यानं धुरकट दिसायचं.

"मासा करायलास का रे?" तिनं पांढऱ्या धडाकडं बघून विचारलं.

"हौ. मासाच समज."

"गोदावरीत असला मासा न्हाई," ती म्हणाली आणि पुन्हा उन्हात डोळे मिटून बसली.

पंख जोडले तेव्हा तिला ते पाखरू वाटलं. सिद्धोधननं तेही वाटू दिलं. आईला खरं काय ते कधी सांगायचं आणि सांगायचं तरी का, हे त्यानं ठरवलं नव्हतं. पांढरं आहे तोवर ती ओळखणार नाही, एवढं त्याला माहीत होतं.

कारण ते विमान पिवळं होतं.

पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका वर्षी कापसावर कीड पडली आणि औषध मारायला विमान येणार असा गावात बोभाटा झाला. गावाबाहेरच्या माळावर मुरूम टाकून धावपट्टी केली. आभाळातून येणाऱ्या पायलटला कुठल्या ओळी झाल्या आणि कुठल्या राहिल्या हे कळावं, म्हणून वावराच्या दोन्ही टोकांना बांबूला लांब निशाण लावून माणसं उभी करायची होती. विमान निशाणावर नेम धरून यायचं, डोक्यावरून गेलं, की निशाणवाल्यानं काही पावलं बाजूला सरकून पुढच्या ओळीवर उभं राहायचं. मालकांची पोरं लांब बांधावरून बघायची. निशाण धरायला मजुरांच्या वस्तीतून माणसं घेतली, आणि त्यांत सिद्धोधनच्या वडिलांचा, दत्तरावांचा, थोरला मुलगा भुजंग होता. मिसरूड फुटायच्या वयाचा, उंच, ताठ उभा राहणारा. बहुतेक म्हणूनच घेतला.

सिद्धोधन तेव्हा आठ वर्षांचा. शाळा बुडवून तो निंबाखाली बसून राहायचा. लांबून आधी नुसती घरघर यायची, मग झाडांच्या शेंड्यांवरून ते पिवळं धूड एकदम खाली उतरायचं, पिकाला पोट लागतंय की काय इतकं खाली. त्याच्या पंखांमागून पांढरं धुकं सुटायचं. निशाण धरलेला भुजंग त्या धुक्यात दिसेनासा व्हायचा. धुकं खाली बसलं की ओल्या केसांनी, ओल्या सदऱ्यानं तो पुन्हा दिसायचा, पुढच्या ओळीवर, निशाण सरळ. सिद्धोधननं त्याच्याइतकं भारी काही तोवर बघितलं नव्हतं. नंतरही बघितलं नाही.

फवारणी संपायला आली होती तेव्हा एका संध्याकाळी भुजंग घरी आला तो भिंतीला धरत. अंगाला पाण्यासारखा घाम, तोंडातून सारखी लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. बैलगाडीत घालून त्याला सोनपेठला न्यायला निघाले, पण अर्ध्या वाटेतच तो गेला. कुणी म्हणालं, वावरात पान लागलं असेल, साप चावला असेल. कुणी म्हणालं, बाहेरचं काही असेल. औषधाचं नाव कुणी घेतलं नाही. ते तर अळ्यांसाठी होतं. चार दिवसांनी विमानही उडून गेलं.

दत्तरावांनी त्यानंतर घरात भुजंगचं नाव काढू दिलं नाही. कुणाच्या तोंडून निघालंच, तर ताटावरून उठून जायचे. वडील गेले तोवर घराची नाव काढायची सवयच मोडली होती. भुजंगचा फोटो नव्हता. त्या घरात तेव्हा कुणाचाच नव्हता.

विमान रंगवायला सिद्धोधननं मुद्दाम एक रविवार निवडला होता. सुकेशनी सासूला घेऊन विहारात कार्यक्रमाला गेली होती, संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. त्यानं खिडकी उघडली, एअरब्रशनं पिवळ्याचे पातळ थर दिले, एक वाळला की दुसरा, आणि विमान तारेच्या टोकावर खोवून खिडकीत वाळत ठेवलं. पण पंचफुलाबाईंना बसवेना म्हणून दोघी लवकर परतल्या. तो हात धूत होता. वळून बघतो तर आई चौकट धरून उभी.

ती तशीच वळली. आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. रात्री जेवायला उठली नाही, पोट भरलंय म्हणाली.

सुकेशनीनं विचारलं तेव्हा सिद्धोधननं लग्नानंतर पहिल्यांदाच सगळं सांगितलं. नवऱ्याला थोरला भाऊ होता आणि तो लहानपणीच गेला, एवढंच तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, की आधी आईंना विचारायला पाहिजे होतं. सिद्धोधनला ते पटलं. त्यानं विमान कपाटात, जुन्या साच्यांच्या मागं ठेवून दिलं.

सकाळी पंचफुलाबाई भिंत धरत धरत स्वतःच खोलीत आली आणि खाटेवर बसली.

"त्ये काढ," ती म्हणाली.

त्यानं काढलं. तिनं हात पुढं केला म्हणून हातात दिलं. तिनं ते चांगल्या डोळ्याजवळ नेलं, पंखांवरून अंगठा फिरवला, मागच्या बारीक नळीवर थांबवला.

"ह्येच व्हतं ना?"

"हौ."

"ह्या नळ्या सुदिक केल्यास. लय ध्यानात ऱ्हायलं तुझ्या." तिनं विमान मांडीवर घेतलं. "अन् त्यो कुटं हाय?"

सिद्धोधननं टेबलाकडं बघितलं. तिथं लाकडाचा एक पाट होता. त्यावर त्यानं काळी माती पसरली होती, वाळल्या शेवाळाची कापसाची झाडं ओळीनं लावली होती. विमान त्यावर तारेनं अधांतरी बसणार होतं. एका ओळीच्या टोकाला सुईएवढं भोक होतं. तिथं काय यायचं होतं, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दोनतीनदा त्यानं मेणात माणूस कोरायला घेतला होता आणि दरवेळी वितळवून टाकला होता.

"इमान केलंस, वावर केलंस," आई म्हणाली. "त्याला कामून न्हाई केलं?"

"मला त्याचं तोंड आठवत न्हाई, आई."

तिनं मान हलवली. जणू असंच काहीतरी असणार हे तिला माहीत होतं.

"मला आठवतंय की. मी सांगते, तू कर."

त्या दिवसापासून दोघांचं काम सुरू झालं. माणूस व्हायचा होता बोटाच्या दोन पेरांपेक्षाही कमी उंचीचा. सिद्धोधन डोळ्याला भिंग लावून मेण कोरायचा आणि ती सांगायची. उंच होता. दंड बारीक, पण मनगट रुंद. उभा राहिला की एका पायावर भार द्यायचा, पण निशाण हातात आलं की दोन्ही पाय जुळवायचा. पायात काही नसायचं. डावा खांदा जरा खाली. लहानपणी झाडावरून पडला होता तेव्हापासून. हे सिद्धोधनला ठाऊक नव्हतं. ती बोलत होती आणि तिच्या आवाजात कितीतरी वर्षांत न ऐकलेलं काहीतरी येत होतं. सुकेशनी शाळेतून आली की चहा घेऊन तिथंच टेकायची, सासूला एकेक विचारायची. पन्नास वर्षं ज्याचं नाव काढलं नव्हतं, तो पोरगा त्या खोलीत आता रोज बोलण्यात यायला लागला. काय खायचा, कुणाशी भांडायचा, नदीत कसा पोहायचा.

धड झालं. मग तोंडाची वेळ आली.

"नाक?" सिद्धोधननं विचारलं.

"नाक तुझ्या बापासारकं," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "न्हाई. त्ये तुझं हाय. त्याचं... जरा बसकं व्हतं."

"कपाळ?"

तिनं डोळे मिटले. सिद्धोधन कोरणी हातात धरून वाट बघत राहिला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि उद्या सांगते म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तिनं उद्यावर टाकलं. तेव्हा त्यानं आपल्या धंद्यातली रीत काढली. कवळीच्या दातांचा रंग ठरवताना पेशंटपुढं वेगवेगळ्या रंगांच्या दातांची पट्टी धरतात. तो यातला कुठला म्हणून विचारतात. सिद्धोधननं ज्वारीच्या दाण्याएवढी डोकी कोरली, एकेक निराळं. कुणाचं नाक बसकं, कुणाचं सरळ. कुणाचा जबडा रुंद, कुणाची हनुवटी पुढं. साच्यात ओतून ती काढली, सावळा रंग दिला, काळे केस दिले आणि एका पट्टीवर ओळीनं चिकटवली. भिंग आईच्या चांगल्या डोळ्याला लावून दिलं.

ती पट्टीवर वाकली.

"ह्यो न्हाई," ती म्हणाली. पुढचं बघितलं. "ह्यो न्हाई. ह्यो बी न्हाई."

तिनं शेवटपर्यंत बघितली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग तिनं भिंग खाली ठेवलं, सिद्धोधनला जवळ बोलावलं आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. कपाळावरून, नाकावरून, गालांवरून तिचे खरखरीत अंगठे फिरत राहिले. जणू याच्याखाली दुसऱ्याचं काही सापडलं तर बघावं. काही सापडलं नाही. तिनं हात काढून घेतले.

"त्याचं तोंड माह्याकडं हाय म्हनून मी फोटूची कदी हळहळ केली न्हाई," ती म्हणाली. "तुझ्या बापानं नाव काढू दिलं न्हाई, मी म्हनलं, न्हाई तर न्हाई. माह्याकडं हाय की. कवा गेलं रं त्ये?"

सिद्धोधन तिच्या पायाशी बसून राहिला. ती रडली नाही. नुसती उन्हात बसली, आणि ऊन खाटेवरून सरकून गेलं तरी तिथंच बसून राहिली.

पुढचे काही दिवस ती खोलीत आलीच नाही. आली तेव्हा तिनं पट्टी मागितली. भिंग न लावताच बोट ठेवलं आणि म्हणाली, "ह्यो असंल."

ती 'हाय' म्हणाली नव्हती. आपल्यासाठी ती असं म्हणतेय, हे सिद्धोधनला समजलं. ते समजलंय असं त्यानं दाखवलं नाही. त्यानं ते डोकं सोडवलं, धडावर बसवलं, हातात निशाण दिलं आणि ओळीच्या टोकाच्या त्या भोकात त्याला उभा केला. वर तारेवर पिवळं विमान. बघणाऱ्याकडं निशाणवाल्याचं तोंड. सुकेशनीला ते फार सुरेख वाटलं. तिनं मोबाइलवर फोटो काढून मुलीला पाठवला.

पंचफुलाबाई मात्र त्याच्याकडं बघायची आणि नजर काढून घ्यायची. घरात परका माणूस येऊन बसावा तसं.

असे काही दिवस गेले. एका सकाळी ती म्हणाली, "त्येला फिरीव."

"कसा?"

"तोंड इमानाकडं कर. पाठ आपल्याकडं. त्याची पाठ मला ठावकी हाय."

सिद्धोधन वळून आईकडं बघायला लागला.

"रोज सकाळी बांबू खांद्यावर टाकून जायचा," ती सांगायला लागली. "मी दारात उभी ऱ्हायची, त्यो पार मारुतीच्या देवळामागं वळंस्तवर. त्यो कदी मागं वळून बघायचा न्हाई. पोरास्नी लाज वाटती. पाठच बघितली मी त्याची. सदरा तुझ्या बापाचा जुना, खाकी. उजव्या अंगाला फाटला व्हता, तितं मी हिरवं ठिगळ लावलं व्हतं. माह्या लुगड्याचं. पांढरा दोरा नव्हता म्हनून काळ्यानं शिवलं. वरच्या कोपऱ्यात टाके जरा वाकडे आलेत."

सिद्धोधननं निशाणवाला उपटला आणि फिरवून पुन्हा बसवला. मग भिंग लावलं, सगळ्यात बारीक कुंचला घेतला. खाकी रंगावर मसुराच्या डाळीहून लहान असं हिरवं ठिगळ काढलं. काळे टाके घातले. वरच्या कोपऱ्यात ते वाकडे काढले. डावा खांदा खाली होताच. आई वाकून बघत होती. तिनं एकदाच सांगितलं, की केस मानेवर जरा जास्त होते. कापायचे राहिले होते. त्यानं तेही केलं.

"हां," ती म्हणाली.

आणि मग तिनं तोंडाला पदर लावला. पन्नास वर्षांत सिद्धोधननं तिला अशी रडताना पाहिलं नव्हतं, आवाज न करता, सगळं अंग हलत. सुकेशनी शाळेत होती. त्यानं कुंचला ठेवला आणि आईला धरून बसला. त्याच्याही डोळ्यांना धार लागली. तो आठ वर्षांचा होता तेव्हा त्याला कुणी रडू दिलं नव्हतं. लेकराला काय कळतंय म्हणून शेजारच्या सरजाबाईच्या घरी नेऊन निजवलं होतं.

बऱ्याच वेळानं ती शांत झाली. पदरानं डोळे पुसले, पाणी मागितलं, प्याली. मग पाटाकडं बघत म्हणाली, "बसला व्हता त्यो त्येच्यात."

"कशात?"

"इमानात. त्या पायलटानं बसिवलं व्हतं एकदा, माळावर उभं व्हतं तवा. उडविलं न्हाई, नुसतं बसिवलं. काच बी लावून दिली म्हनं वरून. दांडा धरू दिला. घरी आला तर जेवना, नुसता हसायलाय. मी म्हनलं काय झालं, तर माह्या कानात सांगितलं."

सिद्धोधनच्या मनातला भुजंग कायम खाली उभा होता. धुक्यात, निशाण धरून, वरून जाणाऱ्या विमानाकडं बघत. इतकी वर्षं तो तसाच उभा होता.

"मला का न्हाई सांगितलं त्यानं?"

"तू रडला असतास, मला बी बसीव म्हनून. सिदूला सांगू नको म्हनला." तिनं रिकामा तांब्या त्याच्या हातात दिला. "म्हनून न्हाई सांगितलं."

तांब्या ठेवायला तो उठला, पण टेबलापाशीच थांबला. काचेच्या खोलीत त्यानं बारीकसं आसन केलं होतं, तपकिरी रंगाचं, समोर टाचणीहून बारीक दांडा. बाहेरून फारसं दिसत नाही म्हणून पायलट बसवला नव्हता. आसन रिकामंच होतं. त्यानं वाकून काचेतून आत बघितलं. मागं आई खाटेवर आडवी झाली होती, आणि थोड्याच वेळात तिचा श्वास झोपेतल्यासारखा संथ यायला लागला.